चिमटीचं वजन

४ फेब्रुवारी

‘प्रिय’ लिहायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून वरची जागा मोकळी सोडली आहे.

बटाटी बाळंत झाली. आज सकाळी टबावरचं फडकं उचललं तर आत तीन पिल्लं. मला वाटलं होतं, गिनी पिग म्हणजे शेवटी उंदराचाच भाऊबंद, पिल्लं गुलाबी आणि आंधळी असतील. ही तर अंगभर केस, उघडे डोळे, तोंडात दात, अशी कॉलेजला निघाल्यासारखी तयार होऊनच आली आहेत. एकाने माझ्यासमोर गवताची काडी चावून बघितली. वय वर्षे शून्य. बटाटी थकली आहे, पण खातेय.

तुझ्या अटी मला पाठ आहेत. फोन करायचा नाही. माझा नंबर तू बंदच केलायस, त्यामुळे ही अट मी अगदी निष्ठेने पाळतोय. पत्र लिहायचं, कारण ‘पत्रात तुला ओरडता येत नाही’. लिहायचं ते फक्त बटाटीबद्दल, कारण ती तुझी आहे आणि हॉस्टेलवर चालत नाही म्हणूनच माझ्याकडे आहे. पिल्लं झाली की रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर त्यांची वजनं करायची. आणि कुणी सलग उतरायला लागलं तर लगेच कळवायचं, म्हणजे तू तुझ्या मावसभावाला गाडी घेऊन पाठवशील आणि तो सगळा लवाजमा उचलून तुझ्या जनावरांच्या कॉलेजात आणून सोडेल.

म्हणजे बटाटी गेली की पत्रंही संपली. हे तू लिहिलं नाहीस. पण एवढं गणित मला येतं, दुसरं वर्ष अर्ध्यात सोडलं असलं तरी.

आता वजनं. काटा वहिनीचा, तिचा केकचं सामान मोजायचा. ती आधी तयारच नव्हती. म्हणाली, “भाऊजी, माझ्या काट्यावर लोकांच्या वाढदिवसाचा मैदा चढतो. तुमचे उंदीर नाही चढायचे.” शेवटी असं ठरलं की सकाळी सात वाजता, तिचं काम सुरू व्हायच्या आत, वाटीत फडकं घालून वजन करायचं आणि काटा मीच पुसून द्यायचा. पहिल्याला ठेवलं तर दोनशे बारा ग्रॅम! मी ओरडत स्वयंपाकघरभर फिरलो. वहिनीने काट्याकडे बघितलं आणि म्हणाली, “वाटी पण आत्ताच जन्मली का?”

तर वाटी वजा जाता: थोरला ९८, मधली ९१, आणि सगळ्यात धाकटी ६८. धाकटी इतकी एवढीशी आहे की चिमटीत मावेल, म्हणून तिचं नाव चिमटी ठेवलंय. तुला वेगळं नाव हवं असेल तर कळव. म्हणजे तेवढ्यासाठी तरी तुला लिहावं लागेल.

माचीस
(हे नाव तूच दिलेलं आहेस, ते अजून परत घेतलेलं नाहीस.)


८ फेब्रुवारी

तुझं पत्र नाही. पोचायला तीन दिवस, यायला तीन दिवस, हिशेब मला कळतो. तरी रोज दुपारी जिन्यात जाऊन पेटी उघडतो.

वजनं, चार तारखेपासून आजपर्यंत. थोरला: ९८, ९५, ९७, १०३, १०४. मधली: ९१, ८८, ९०, ९२, ९५. चिमटी: ६८, ६६, ६९, ७२, ७५.

म्हणजे सगळं ठीक. मावसभावाला त्रास नको. त्याचं मनगट नुकतंच प्लास्टरमधून बाहेर आलंय असं ऐकलं, त्याने टब कशाला उचलायचा.

हे लिहिल्यावर दहा मिनिटं पेन खाली ठेवलं होतं. खोडणार होतो, पण राहू दे. मला काय माहीत होतं तो कोण आहे? सुट्टीत तू आली होतीस आणि आमच्या कँटीनच्या दारात त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून हसत होतीस. कुणीही विचारलं असतं, कोण रे तू. मी विचारण्याआधी कॉलर धरली, एवढाच फरक. तो पायरीवरून पडला आणि हातावर पडला. तू ओरडलीस, “अरे, माझ्या मावशीचा मुलगा आहे तो!” आणि सगळी कँटीन हसली. त्या हसण्याने माझं डोकं जे फिरलं ते प्राचार्यांच्या खोलीत जाईपर्यंत फिरलेलंच होतं. त्यांनी माफीचं पत्र मागितलं होतं, तीन ओळींचं. ते मी लिहिलं नाही, वही तिथंच फेकली आणि चालू लागलो. आणि आता तुला पानंच्या पानं लिहितोय.

दुकानाचं विचारलं नाहीस, तरी सांगतो. कॉलेजच्या फाटकासमोरचं झेरॉक्सचं दुकान, तिथंच लागलोय. काल माझ्या वर्गातली तिघं आली. दुसऱ्या वर्षाच्या नोट्स, एकशेचाळीस पानं, पाठपोट, सहा प्रती. ज्या वर्षातून पळालो त्याच्याच गरम गरम प्रती काढून, टाचून त्यांच्या हातात दिल्या. एक जण म्हणाला, “एक सेट तू पण ठेव की.” मालक म्हणाले, “त्याला कशाला, त्याला वाचून कंटाळा आला म्हणून तर तो इकडे आलाय.” मी हसलो. बघ, हसायला शिकलोय.

हे बटाटीबद्दल नाही, माहीत आहे. बटाटी रोज ढोबळी मिरची खाते.

माचीस


१३ फेब्रुवारी

तुझं पत्र दहा तारखेला आलं. अकरा ओळी. त्यातल्या दहा चिमटीवर. एक ओळ ‘झेरॉक्सच्या धुळीत टब ठेवू नकोस’ अशी. टब घरी असतो, दुकानात नाही. माझं आठ तारखेचं पत्र पोचायच्या आधीच दुकानाचं तुला कुणी सांगितलं कोण जाणे. पण तू माझ्या दुकानाबद्दल लिहिलंस हे मी धरून चाललोय.

तू लिहिलंस की सत्तरच्या खाली जन्मलेलं पिल्लू नाजूक असतं. बटाटीला दोनच आचळं आणि पिणारे तीन, तेव्हा थोरल्याला आणि मधलीला दिवसातून तीनदा वीस मिनिटं वेगळं काढायचं, चिमटीला एकटीला पिऊ द्यायचं. एवढं करूनही ती उतरली तर दुसरं काहीतरी आहे, एक दिवसही थांबू नकोस, असंही लिहिलंस. पहिलं सगळं केलं. दहा तारखेच्या संध्याकाळपासून केलं. सकाळी, दुपारी जेवायला घरी येऊन, संध्याकाळी. मी स्वतः तिला हातात धरून आचळाला लावत होतो.

वजनं, नऊपासून आजपर्यंत. थोरला: ११०, १०९, ११५, १२१, १२२. मधली: ९४, ९९, १०१, १०५, १०४. चिमटी: ७८, ८१, ८४, ८७, ९०.

ती कशी बसते, केस उभे राहतात का, डोळे चमकदार आहेत का, असं तू विचारलंस. छान आहेत. उड्या मारते. उभ्या उभ्या हवेत उडते आणि तिरकी होऊन खाली येते, तू सांगायचीस ना तशी, लाही फुटल्यासारखी. काल तर बटाटीच्या पाठीवर चढली होती. थोरला तिला घाबरतो. दादा ऑफिसला निघताना टबात डोकावून म्हणाला, “ही लहानगी तुझ्यावर गेलीय, सगळ्यांत जास्त तमाशा हिचा.”

वहिनी कालपासून माझ्याशी बोलत नाही. कारण विचारू नकोस. तिच्याकडे अर्ध्या किलोच्या केकचा एक रिकामा खोका मागितला, तो तिने न बोलता दिला. कशाला हवा होता ते सोड.

एक विचारायचं होतं. गिनी पिगला कळतं का, आपल्याला किती पिल्लं आहेत ते? म्हणजे मोजता येतं का? असंच विचारतोय. बटाटी काल टबाच्या कोपऱ्यात फार वेळ हुंगत होती.

माचीस


१८ फेब्रुवारी

तुझं पत्र आज आलं, हिशेबापेक्षा एक दिवस आधी. सबंध वाचलं. मग जिन्यात उभं राहून पुन्हा वाचलं. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “नोकरीचं आलं का?”

तू माझेच आकडे मला उतरवून पाठवलेस. थोरला ११०, १०९, ११५, १२१, १२२. मधली ९४, ९९, १०१, १०५, १०४. खाली लिहिलंस, ‘जिवंत जनावर असं चढतं, धडपडत, कधी मागे सरकून. चिमटी मात्र रोज बरोबर तीन ग्रॅम. काल तीन, आज तीन, उद्या तीन. असं पिल्लू मी अजून बघितलेलं नाही. ती कशी आहे? खरं सांग.’

वा. दोन सत्रं काय झाली, पांढरा कोट काय चढवला, आता पोलीसही झालीस. मी तुझ्या प्रयोगशाळेतलं जनावर नाही. रोज सकाळी सात वाजता मी उठतो. मी! जो अकराच्या तासाला साडेअकराला यायचा. तुझं जनावर, तुझी पिल्लं, तुझ्या अटी, आणि वर चौकशी पण तुझी. चिमटी तीन ग्रॅम चढते कारण ती शिस्तीची आहे. असतं एखादं शिस्तीचं. तुझा विश्वास नसेल तर ये आणि बघ! पाठव तुझ्या त्या भावाला, काटा घेऊन, भिंग घेऊन, साक्षीदार घेऊन.

चिमटी: ९३, ९६, ९९, १०२, १०५. घे, लाव फळ्यावर.

थोरला: १२८, १२७, १३४, १३९, १४१. मधलीचं पुढच्या वेळी लिहितो, कागद संपला.


१९ फेब्रुवारी

कालचं पत्र तुला माझ्या या पत्राच्या आधी मिळेल. ते परत मिळावं म्हणून मी आज सकाळी टपालपेटीपाशी जाऊन उभा होतो. पोस्टमन आला, त्याने पेटी उघडून पिशवी भरली. मी म्हणालो, “त्यातलं निळं पाकीट माझं आहे, द्या.”

“तुझं कशावरून?”

“अक्षर माझं आहे.”

“मुलीला लिहिलंय?”

मी त्याच्या सायकलचं हँडल धरलं.

“भांडणाचं आहे ना? जाऊ दे. तिथं पोचेपर्यंत निवतं.”

“भांडणाचं नाही हो, खोटं आहे.”

तो पिशवीचं तोंड आवळत म्हणाला, “तर मग दुसरं लिही, खरं. दोन्ही पोचवतो.” हँडल अजून माझ्या हातात होतं. एरवी काय केलं असतं ते तुला सांगायला नको. सोडलं.

तर हे दुसरं.

चिमटी बारा तारखेला सकाळी गेली.

खरी वजनं अशी आहेत. चार तारखेला ६८. मग ६५, ६३, ६२, ६०, ५९. दहाला ५७. अकराला ५५. एकदाही चढली नाही. आठ तारखेच्या पत्रात मी तुला पंचाहत्तर लिहिलं तेव्हा ती साठ होती. पाच तारखेची घट खरी लिहिली असती तरी चाललं असतं, पहिले दोन दिवस सगळीच उतरतात, तूच सांगितलं होतंस. पण मी तिथंही एक ग्रॅम वाढवून लिहिला. सवय लागावी म्हणून असेल.

तिसऱ्या दिवशीच वहिनी म्हणाली होती, “ही उतरतेय. डॉक्टरकडे न्या, नाहीतर तिला तरी कळवा.” मी म्हणालो, दोन दिवस बघू. मी काय बघत होतो ते तुला कळलंच असेल. ती उतरली हे तुला कळलं असतं तर तुझा भाऊ आला असता, टब गेला असता, आणि मला तुला लिहायला काही उरलं नसतं. हे एवढंच होतं. मोठं काही कारण असतं तर बरं वाटलं असतं.

तुझं पत्र आल्यावर मी तिला वेगळी पाजायला लागलो हे खरं आहे. दहाला संध्याकाळी आणि अकराला तीनदा. ती तोंड लावायची, थोडी हलायची, मग सोडून द्यायची. मला वाटलं, पोट भरलं. दुसऱ्या दिवशी दोन ग्रॅम कमीच. तू स्पष्ट लिहिलं होतंस की असं झालं तर दुसरं काहीतरी आहे. मी ते वाचलं होतं. घडी घालून खिशात ठेवलं होतं.

बाराला सकाळी ती बटाटीच्या पोटाखाली होती. मी तिला काढून वाटीत ठेवली, काट्याने ५४ दाखवलं, मी वहीत ५४ लिहिलं. मग मला दिसलं की ती हलत नाहीये. आधी वजन लिहिलं मी, मग बघितलं. वहिनी मागेच उभी होती. तिने काटा उचलून धुतला, पुसला, पुन्हा धुतला. म्हणाली, “तिला आज तरी कळवाल ना?” मी म्हणालो, आज लिहितो. आणि तेराला तुला नव्वद लिहिलं. उड्या लिहिल्या. दादाचं वाक्यसुद्धा मी बनवलेलं आहे. दादाने तिला धड बघितलंही नव्हतं.

इमारतीच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ माती मऊ आहे, तिथं केकच्या खोक्यात ठेवून पुरलंय.

मेल्यावरही ती सहा दिवस रोज तीन ग्रॅम चढत होती, हे मला काल तुझं पत्र वाचताना कळलं. लिहिताना कळत नव्हतं. वहीत डाव्या पानावर खरं लिहायचो, उजव्या पानावर तुझ्या पत्रासाठी दुसरं, आणि खरं सांगतो, रोज सकाळी तो तीन ग्रॅमचा आकडा लिहिताना मला बरं वाटायचं. ती नव्वदची झाली तेव्हा मला आनंद झाला होता. मी वेडा झालोय का?

राग येईल तेवढा येऊ दे. पण हे पत्र त्यासाठी नाही. मधली उतरतेय. सतराला ११८ होती. काल ११४. कागद संपला नव्हता. आज १११.

हे पत्र तुझ्याकडे पोचायला तीन दिवस लागतील. तीन दिवस माझ्याकडे नाहीत, ते मी एकदा वापरलेत.


२० फेब्रुवारी

काल पत्र टाकून आलो आणि आज सकाळी दुकानात सांगितलं की येत नाही. मालक म्हणाले, “कुणी आजारी आहे?” मी म्हणालो, “पिल्लू.” ते म्हणाले, “कुणाचं?” मी मान खाली घातली. “बरं बरं, जा,” म्हणाले. मला वाटतं त्यांचा काहीतरी भलताच समज झालाय.

टबासकट डॉक्टरकडे गेलो. कुत्र्यामांजरांचे आहेत. त्यांनी आधी मधलीला बघितलं, मग तिला बाजूला ठेवून बटाटीला उताणं केलं. बोटाने दाबून बघितलं. मला म्हणाले, “इकडे हात लावा.” मी लावला. उजव्या बाजूला कातडीखाली सुपारीएवढं कडक.

“हे आचळ बंद आहे. गाठ झाली, सूज आतवर गेली. यांना दोनच असतात, त्यातलं हे एक बाद. किती पिल्लं?”

“दोन.” मग म्हणालो, “तीन होती.”

“कधीपासून आहे हे?”

“मला माहीत नाही.”

“वजनं ठेवलीत?”

मी वही दिली. डावी पानं. त्यांनी चिमटीच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेलं. म्हणाले, “ही तर तुम्हाला चौथ्या दिवशीच सांगत होती.” मग पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, वहिनीलाही नाही. मी उजव्या हाताचा आहे. चिमटीला वेगळं पाजताना डाव्या हाताने बटाटीला धरायचो आणि उजव्या हाताने चिमटीला लावायचो. दर वेळी उजव्या बाजूला. चारही वेळा. डावीकडे लावली असती तर तिला मिळालं असतं. डावीकडे दूध होतं. ती स्वतःहून तिकडे तोंड फिरवायची, आणि मला वाटायचं की पळतेय, म्हणून मी तिला पुन्हा उजवीकडे आणायचो.

तू हे तिथून ओळखलं असतंस. वेगळी पाजूनही दोन ग्रॅम कमी, एवढंच वाचून तू लिहिलं असतंस, आचळ दाबून बघ.

बटाटीला औषध दिलंय. मधलीला दर दोन तासांनी सिरिंजने भरवायचं. डॉक्टर म्हणाले, “बटाटीची सूज कापावी लागेल असं दिसतंय. एवढ्याशा जनावराला भूल द्यायची माझी तयारी नाही. तुमच्या ओळखीत कुणी आहे का, मोठ्या कॉलेजात?” आहे म्हणालो.

बाहेर येऊन तुझ्या मावसभावाला फोन लावला. नंबर माझ्याकडे कसा, ते आता विचारू नकोस. कँटीनच्या त्या प्रकारानंतर त्याला धमकी द्यायला मिळवला होता.

“कोण?”

“मी. माचीस.”

तो म्हणाला, “बोल. आता कुठलं हाड राहिलंय?”

मी म्हणालो, बटाटी आजारी आहे, पिल्लू उतरतंय, तिच्या कॉलेजात न्यायला हवं, आजच्या आज तिला सांग, आणि तू ये. म्हणालो, तूच ये. त्याने विचारलं, “तिच्याकडे फोन देऊ का? ती शेजारीच आहे, आज इथं आली आहे.”

तू शेजारी होतीस.

मी नको म्हणालो. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा मी मला हवी असलेली गोष्ट नको म्हणालो असेन, आणि ते सुद्धा चांगुलपणामुळे नाही. तू फोनवर आली असतीस तर पहिला प्रश्न चिमटीचा विचारला असतास.

परवा सकाळी येतो म्हणाला.


२२ फेब्रुवारी

हे टपालात जाणार नाही. तुझा मावसभाऊ बाहेरच्या खोलीत बसलाय, वहिनीने त्याला चहा दिलाय, आणि मी आत टबापाशी बसून लिहितोय. पाकीट चिकटवणार नाही. वाटेत त्याने वाचलं तर वाचू दे.

आल्या आल्या त्याने टबात बघितलं आणि विचारलं, “तीन होती ना?”

माझं कालपरवाचं पत्र तुला मिळालेलं नव्हतं म्हणजे. मिळेल आज. कदाचित हे आधी मिळेल आणि ते नंतर, आणि सगळ्यात आधीचं ते निळं पाकीट. कुठलंही आधी उघड. मी त्याला म्हणालो, “होती. एक माझ्यामुळे गेली. मी तिला वजनं खोटी कळवत होतो.” त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा मारणार, आणि खरं तर मी तयारच उभा होतो. तो म्हणाला, “का?” वहिनी दारात होती. ती म्हणाली, “ते त्यांना स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. तुम्ही बसा.”

मग मी त्याची माफी मागितली. पायरीची, मनगटाची. तीन ओळीही लागल्या नाहीत. तो म्हणाला, “ते बघू नंतर. आधी जनावरं गाडीत घालू.” दादाने मागच्या सीटवर टब बसेल अशी फळी टाकून दिलीय. तो सकाळपासून नुसता फळी तासत होता.

आजची वजनं. सकाळी सात, वाटी वजा. बटाटी ८१२. विण्याच्या आधी ती ११६० होती आणि नंतर मी तिचं वजन एकदाही केलं नाही. मला वाटलं, वजन पिल्लांचंच करायचं असतं. थोरला १५४. मधली काल १०९, आज १०९. उतरली नाही. चढलीही नाही.

पिशवीत सिरिंज आहे, औषध आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, वही आहे. वहीत कुठलंही पान फाडलेलं नाही. मधलीला पहाटेपासून चार वेळा भरवलंय, पुढचं साडेदहाला. तुझ्या भावाला दाखवून ठेवलंय कसं धरायचं ते. त्याला जमतं, हात हलका आहे त्याचा. मधली प्यायला गेली तर डावीकडे जाऊ दे. डावीकडेच.

बाकी काही लिहीत नाही, तुझी तशी अट होती.

तो आत येऊन विचारतोय, “झालं का रे?” त्याने पिल्लं आत्ताच खोक्यात घेतली, दोन्ही निमूट गेली. बटाटीला उचलायला गेला तर ती टबाच्या कोपऱ्यात अंग चोरून बसली आहे, त्याच्या हाताला दात दाखवतेय. मला म्हणतो, “तूच ठेव बाबा हिला खोक्यात. तुझ्याशिवाय येत नाही ती.”

ठेवतो.